उष्टं चाक

ट्रानो बेट
सोमवार, ९ जानेवारी १९५६, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं

प्रिय आबेलोने आत्या,

आत्ता मी दूधसंस्थेच्या तळघरात लोण्याचं रिकामं पिंप उपडं घालून त्यावर बसलो आहे, आणि फळ्यांवरची चीजची चाकं तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर हे पत्र लिहितो आहे. पहिल्या दोन्ही वेळा एकशे एकसष्ट भरली होती. तिसऱ्यांदाही एकशे एकसष्टच भरली. वहीत एकशे साठ आहेत.

आधी ओळख सांगायला हवी होती, चुकलो. मी विलाड्स, तुमच्या भावाचा, एस्बेनचा मुलगा. आपण शेवटचे भेटलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्या हिवाळ्यात बाबा समुद्रावरच्या बर्फात बुडाले आणि आई मला घेऊन बेट सोडून कोल्डिंगला आली. आई ऑक्टोबरात गेली. तिच्या शिवणाच्या डब्यात तुमचा रिबेचा पत्ता होता. तिने तुम्हाला कधी पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही, पण पत्ता नीट घडी घालून ठेवलेला होता.

मी सातवीपर्यंत शिकलो आहे. बेटावरच्या दूधसंस्थेत तळघर सांभाळायला माणूस हवा अशी जाहिरात वाचली आणि अर्ज केला. व्यवस्थापक बास्ट्रुपसाहेबांनी आडनाव वाचून चष्मा पुसला आणि विचारलं, "आबेलोनेचा कोण?" भाचा म्हटल्यावर लगेच नोकरी दिली. तुम्ही हे तळघर सतरा वर्षं सांभाळलंत हे मला इथे येऊन कळलं. इथे अजून म्हण आहे, "आबेलोने चुकत नाही." कालवणात मीठ बेताचं पडलं तरी म्हणतात. आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली आहे. आबेलोनेचा भाचा आणि मोजणी चुकते, यावर सगळी संस्था हसते. बास्ट्रुपसाहेब म्हणाले, "सातवी पास ना? मग एकशे साठपर्यंत मोजता यायला हरकत नव्हती."

दुसरी अडचण अक्षरांची. तुमच्या वेळी या चीजला टिल्सिट म्हणत. आता सरकारने नाव हवार्ती केलं आहे. त्याचा छापायचा नवा पत्रा आला, पण त्यात र कोरायचा राहून गेला. मी रोज प्रत्येक चाकावर ब्रशने र घालतो. साहेब म्हणतात, खाणारा काही र खात नाही. पण मला ते तसं सोडवत नाही.

मोजायची काही वेगळी रीत असेल तर कृपा करून कळवावी. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास त्याही कळवाव्यात.

आपला,
विलाड्स


रिबे
१४ जानेवारी १९५६

विलाड्स,

मला "तुम्ही" काय म्हणतोस? मी काय दूधसंस्थेची चेअरमन आहे? चूक एकच आहे, शुद्धलेखनाची नाही. नोकरी धरण्याआधी पत्र लिहायला हवं होतंस. मी नको म्हटलं असतं.

तुझी आई गेली हे वाईट झालं. तिने मला पत्र का लिहिलं नाही ते तिला माहीत होतं आणि मलाही.

आता धरलीच आहेस तर नीट कर. चाक रोज उलटायचं. खालून दोन्ही तळवे घालून उचलायचं, झोपलेलं मूल उचलतात तसं. बोटं रुतवायची नाहीत, हे चीज फार मऊ. मग मिठाच्या पाण्याचा फडका. दारापासून सुरुवात करायची आणि समुद्राकडच्या भिंतीशी संपवायचं, उलट नाही.

तुझं एक जास्तीचं चाक कुठलं ते सांगते, म्हणजे रात्रीची झोप लागेल. बेटावर वीस म्हणजे एकवीस. पलीकडे, मुख्य भूमीवर, विसाचा माल गेला की त्यावर एक चाक वहीत न लिहिता द्यायचं. धक्क्यावरचा व्यापाऱ्याचा माणूस त्यात गिरमिट घालून नळीभर चीज काढतो, हुंगतो, चाखतो, मगच सही करतो. त्याला आम्ही उष्टं म्हणायचो. पुढच्या खेपेचं उष्टं कुणीतरी फळीवर ठेवलं असणार. तेच तुझं एकशे एकसष्टावं.

हवार्ती म्हण नाहीतर आणखी काही. लोण्यासारखं लागतं ना अजून? मग झालं.

आबेलोने


ट्रानो बेट
सोमवार, २३ जानेवारी १९५६, दुपारचा पाऊण वाजला आहे. राईच्या पावाचा डबा उघडला आहे, पण खाल्लं नाही.

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. उलटायची रीत आता बरोबर जमते. पण जास्तीचं चाक ते नव्हे. उष्टं मी पहिल्या दिवसापासून दाराजवळच्या छोट्या फळीवर वेगळं ठेवतो आणि मोजणीत धरत नाही.

आज मी प्रत्येक चाकावर खडूने खूण करत मोजलं. समुद्राकडच्या भिंतीशी, सगळ्यांत खालच्या फळीवर, कोपऱ्यात ते सापडलं. बाकीच्या चाकांवर माझा र आहे. याच्यावर तो नव्हताच. छाप जुना, टिल्सिट असा. आकार तोच, थाळीएवढा आणि चार बोटं जाड. पण ओलं होतं. फडक्याने पुसल्यासारखं नाही, आत्ता पाण्यातून काढल्यासारखं. मी पुसलं तर पुन्हा ओलं झालं.

इतकं जुनं चाक एव्हाना लाकूड झालं असतं. हे मऊ होतं, तीन आठवड्यांच्या चाकासारखं. मी गिरमिट घातलं. चीज नळीत सहज आलं, पिवळसर, बारीक भोकांचं, अगदी जसं असावं तसं. फक्त भोकाभोकांत पाणी होतं. नळी आडवी धरली तर थेंब मनगटावरून बाहीत गेला. तो समुद्राच्या पाण्याचा थेंब होता, मिठाच्या बादलीतला नव्हे. दोन्हींचा वास वेगळा असतो हे मला आता कळतं.

मी चाखलं, आत्या. चाखायला नको होतं. आधी सौम्य, सायीसारखं, आणि मग खारट. पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. ती चव मला ओळखीची वाटली. रोज चाखतो त्या हवार्तीची नव्हे, या चाकाची. ती कुठे चाखली ते आठवत नाही.

भोकात चीज परत बसवून वरून लोण्याने लिंपलं आणि साहेबांना बोलावून आणलं. येऊन पाहतो तर चाक नाही. एकशे साठ. फळीवर गोल ओला डाग होता, एवढंच. साहेबांनी बोट फिरवून डाग पाहिला आणि म्हणाले, "डाग मोजलास वाटतं." मग हसू आवरून सांगितलं की फेब्रुवारीच्या अखेरीला हिशेब तपासायला माणसं येणार आहेत. तोवर एकाचाही फरक दिसला तर मी माझी पेटी बांधायची. ही नोकरी गेली तर मला दुसरी नाही. कोल्डिंगची खोली मी सोडून आलो आहे.

तुमच्या वेळचं एखादं चाक मागे राहिलं होतं का, हे आठवून कळवावं.

आपला,
विलाड्स


रिबे
२८ जानेवारी

विलाड्स,

घाईत लिहिते. तळघरात ओल असते, जुने छाप भिंतींवर उमटलेले असतात, आणि उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं. काही मागे राहिलेलं नव्हतं. माझी मोजणी पक्की असायची.

ते चाक पुन्हा दिसलं तर हात लावू नकोस. चाखू तर नकोसच. आणि नोकरी सोड. इथे धुलाईकेंद्रात माणूस हवा आहे, मी बोलून ठेवते, माझ्याकडे राहायला खोली आहे. पेटी बांध आणि ये.

तोवर बर्फावर जाऊ नकोस. कुणीही सांगितलं तरी.

आबेलोने


ट्रानो बेट
बुधवार, ८ फेब्रुवारी १९५६, सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं. नुकताच फडके धुऊन वाळत घातले. ते दोरीवरच पत्र्यासारखे ताठ झाले.

प्रिय आत्या,

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. एक गोष्ट समजली नाही. बर्फावर जाऊ नकोस असं लिहिलंत. मी तुम्हाला बर्फाबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा बर्फ नव्हताच. तो तुमच्या पत्राच्या तारखेनंतर चार दिवसांनी धरला.

आता मात्र धरला आहे. बंदरात बोट अडकून पडली. आज सहावा दिवस, पलीकडे काही जात नाही. टपाल तेवढं बर्फहोडीने जातं, तेही वारा मानेल तेव्हा. ही होडी बर्फावरून ओढत नेतात आणि जिथे पाणी लागेल तिथे वल्हवतात. तळघर भरलं आहे. पलीकडच्या व्यापाऱ्याने तार केली की निदान एक वीस तरी पाठवा. साहेबांनी ठरवलं, येत्या गुरुवारी, सोळा तारखेला, बर्फहोडीच्या मागे घसरगाडी बांधून एक वीस आणि वरचं उष्टं न्यायचं. माल माझ्या ताब्यात, म्हणून मी बरोबर जायचं. नाही म्हणालो तर ते माझ्या मागच्या चुकांबरोबर मोजलं जाईल.

होडीचे मुकादम टोनेस म्हातारे आहेत. तुम्ही ओळखत असाल. मला पाहिलं की टोपी काढतात. माझ्यासारख्याला कुणी टोपी काढत नाही, म्हणून काल मी कारण विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या बापाबरोबर मीच होतो, पोरा. परत येताना एक माणूस कमी आणला, म्हणून काढतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते आईने सांगितलेल्यापेक्षा वेगळं आहे. आई म्हणायची, बाबा जाताना वाटेत बुडाले. टोनेसकाका म्हणतात, एस्बेन सुखरूप पलीकडे पोचला होता. धक्क्यावर बसून त्याने कॉफी घेतली. आणि मग एकटाच उठून बर्फावर परत गेला. का गेला विचारलं तर म्हणाले, "ते आबेलोनेला विचार. तो तिचंच नाव घेऊन गेला."

म्हणून विचारतो. दोहोंपैकी खरं कुठलं?

चाकाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लपवणं बरोबर नाही. ते तीनदा आलं. मी हात लावला नाही. पहिल्यांदा समुद्राकडच्या कोपऱ्यात होतं. मग मधल्या फळीवर आलं. आज दारापाशी, उष्टं ठेवतो त्या छोट्या फळीवर, उष्ट्याच्या शेजारी. कुणीतरी एकेक पाऊल आणत असावं तसं. त्याच्यात मी घातलेल्या गिरमिटाची खूण आहे, वर माझंच लोणी.

सोळा तारखेच्या आत उत्तर मिळालं तर बरं होईल. हे पत्र आजच्या होडीने जाईल.

आपला,
विलाड्स


रिबे
रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

विलाड्स, बाळा,

आज फास्टेलाव्नचा सण आहे. खाली गल्लीत पोरं काठ्या घेऊन टांगलेलं पिंप फोडतायत, तोंडं काजळीने रंगवलेली. शेजारणीने मलईचे पाव आणून दिले. ते तसेच पडलेत. चौदा वर्षांपूर्वी तुझा बाप गेला तो फास्टेलाव्नचा दुसरा दिवस, आणि तारीख सोळाच होती.

तू मला खरं विचारलंस, म्हणून खरं सांगते. तुझ्या आईला मी हे त्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला दोष दिला नाही.

तो युद्धातला तिसरा हिवाळा. तुला डांग्या खोकला झाला होता. राईचा पाव घशाखाली उतरत नव्हता, लापशी उलटत होती, बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टर म्हणाले मऊ, स्निग्ध काहीतरी द्या. तेव्हा सगळं शिधापत्रिकेवर. आणि मी रोज दीडशे चाकांवरून हात फिरवत होते. सतरा वर्षांत मी एक कपटा घरी नेला नव्हता. त्या सोमवारी एक वीस पलीकडे जायची होती. मी वीस चाकं मोजून दिली आणि वरचं एकविसावं, उष्टं, ॲप्रनमध्ये गुंडाळून तुमच्या घरी ठेवून आले. वहीत ते नव्हतंच, म्हणून वही खोटी पडत नव्हती. मला वाटलं, व्यापाऱ्याचा माणूस एखाद्या वेळी विसरेल.

माल घेऊन निघालेल्या एस्बेनला मी सांगितलं नाही. चिठ्ठीवर नेहमीसारखं लिहिलं, "वीस आणि उष्टं." हात सवयीने लिहून गेला. सतरा वर्षं तेच लिहीत होता.

पलीकडे त्या माणसाने मोजलं. वीस भरली. त्याने विचारलं, उष्टं कुठाय? चाखल्याशिवाय सही नाही. एस्बेनने चिठ्ठी पाहिली. टोनेसने त्याला सांगितलं, अरे तिनेच चुकून लिहिलं असेल. आणि माझा भाऊ म्हणाला, "आबेलोने चुकत नाही. बर्फावरच पडलं असणार." तो शोधायला परत गेला. त्या वेळी वारा फिरला होता, बर्फ फुटत होता.

विसांपैकी एक टोचून त्याचे पैसे भरले असते तर काम भागलं असतं. पण त्याने मला येऊन काय सांगायचं? मी मालात एक कपटा कमी आला तर दोन दिवस बोलायची नाही. माझ्या भीतीने गेला तो.

त्या वेळी तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास आणि मी रंध्याने तुला चीजच्या पातळ पट्ट्या काढून देत होते. तू खाल्लंस. पहिल्यांदा काहीतरी पोटात राहिलं. चव तुला ओळखीची वाटली असं लिहिलंस ते वाचून मी दार लावून बसले.

आता ऐक. ते चाक कोण आणतंय ते मला कळलं आहे, तुलाही कळलं असेल. मला वाटतं त्याला ते सापडलं आहे. जे नव्हतंच ते त्याला सापडलं, कारण मी चुकत नाही. तो ते पोचवायचं म्हणतोय.

सोळा तारखेला जाऊ नकोस. आणि गेलासच, आणि पलीकडे मोजताना एक कमी भरलं, तर मागे वळू नकोस. कुणीही बोलावलं तरी. एक टोच आणि पैसे भर. तुझे पैसे गेले तर जाऊ देत.

सोबत दहा क्रोनर ऐंशी ओरे पाठवते आहे. बेचाळीस साली एका चाकाची किंमत तेवढीच होती. चौदा वर्षं कपाटात वेगळे ठेवलेत. संस्थेत भर.

तुझी आत्या


ट्रानो बेट
शनिवार, १८ फेब्रुवारी १९५६, संध्याकाळचे चार वाजून चाळीस मिनिटं. तळघरातली मोजणी आत्ताच संपली. हात अजून ओले आहेत, म्हणून कोपऱ्यातली शाई फुटली आहे, माफ कर.

प्रिय आत्या,

आजपासून तुला तू म्हणतो.

तुझं पत्र मला सोळा तारखेला मिळालं, पण पलीकडे. टपालाची थैली बर्फहोडीची वाट बघत धक्क्यावरच्या छपरीत तीन दिवस पडून होती. म्हणजे गेल्यावर मिळालं. सगळं क्रमाने लिहितो.

गुरुवारी सकाळी साहेबांसमोर मोजलं. वीस, आणि उष्टं धरून एकवीस. प्रत्येकावर माझा र होता. मी ती एकेक करून हाताने घसरगाडीत ठेवली, वर ताडपत्री, तिच्यावर तीन फेरे दोर. चिठ्ठीवर "वीस आणि उष्टं" असं मीच लिहिलं. त्या दिवशी तळघरात जास्तीचं चाक नव्हतं. मला बरं वाटलं, ते वाटायला नको होतं.

आम्ही पाच जण होतो. टोनेसकाका पुढे लोखंडी पहारीने बर्फ ठोकत चालले होते. बर्फ चांगला होता, दोनच ठिकाणी पाणी लागलं. अर्ध्या वाटेवर मला असं वाटलं की घसरगाडी हलकी झाली. मी दोर पाहिला, तीनही फेरे जागच्या जागी होते. मागे ओढणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "हलकी झाली तर देवाचे आभार मान, तिथे कुरकुरतोस काय."

साडेअकराला पोचलो. टपालाच्या माणसाने थैली दिली, वरच तुझं पत्र. व्यापाऱ्याचा माणूस दोर सोडून मोजायला लागला आणि मी छपरीच्या भिंतीला टेकून वाचायला लागलो. एवढी पानं मी कधी इतक्या लवकर वाचली नव्हती. "तू खाल्लंस" इथपर्यंत आलो तेव्हा त्या माणसाने हाक मारली. "वीसच आहेत. उष्टं कुठाय?"

मी म्हणालो, पुन्हा मोजा. त्याने मोजलं, मग मी मोजलं. वीस. वीसही चाकांवर माझा र होता, एकविसावं नव्हतं.

मी वळलो, आत्या. तू वळू नकोस असं लिहिलं होतंस, ते वाक्य मी अजून वाचलं नव्हतं.

बर्फावर, आम्ही आलो त्या वाटेवर, साधारण तीनशे पावलांवर एक माणूस उभा होता. उजेड स्वच्छ होता, धुकं नव्हतं, ऊन होतं. कोट गुडघ्यापर्यंत काळा दिसत होता, ओल्याने काळा दिसतो तसा. त्याने काखेत काहीतरी गोल धरलं होतं. तो हात हलवत नव्हता, बोलावत नव्हता. एखाद्याने सांगितल्याप्रमाणे वस्तू आणावी आणि घेणारा कधी येतो याची वाट पाहावी, तसा उभा होता. त्याची सावली मला दिसली नाही. पण मी तेव्हा सावली पाहायची म्हणून पाहिली नव्हती, त्यामुळे हे खात्रीने लिहीत नाही.

मला भीती वाटली असं लिहिलं तर ते पुरेसं होणार नाही. भीतीपेक्षा जास्त मला जावंसं वाटत होतं. तीनशे पावलं. हातातून चाक घ्यायचं आणि यायचं. मोजणी बरोबर भरली असती, सही झाली असती, नोकरी राहिली असती. आणि त्याचा चेहरा मला दिसला असता. घरी त्याचा एकही फोटो नाही.

माझा एक पाय बर्फावर गेला होता. टोनेसकाकांनी मागून माझा पट्टा धरला. ते बर्फाकडे बघत नव्हते, माझ्या बुटांकडे बघत होते. "मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "गेल्या वेळी पट्टा धरला नाही. या वेळी सोडणार नाही. आता तुझं तू बघ."

मी उरलेलं पत्र तिथेच उभ्याने वाचलं. मग जे सुचलं ते केलं. मी ओरडलो नाही, नेहमीच्या आवाजात बोललो. तीनशे पावलांवर ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं.

"बाबा, चाक पडलं नव्हतं. आत्याने ते घरी दिलं. मी खाल्लं. वीसच होती."

तो तसाच उभा राहिला. मला वाटलं त्याला पटलं नाही. आबेलोने चुकत नाही, हे चौदा वर्षं त्याने धरून ठेवलं होतं. म्हणून मी पुन्हा बोललो. "या वेळी ती चुकली. तिनेच मला लिहून कळवलंय." आणि तुझं पत्र वर धरलं.

मग तो वाकला. त्याने ते चाक बर्फावर ठेवलं. दोन्ही तळवे खालून, बोटं न रुतवता, झोपलेलं मूल ठेवतात तसं. तू शिकवलेली रीत. कोणी कोणाला शिकवली होती ते मला ठाऊक नाही. तो सरळ झाला की नाही तेही मला दिसलं नाही, कारण व्यापाऱ्याच्या माणसाने खेकसून विचारलं, सही हवी का नको, आणि मी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा वळलो तेव्हा बर्फ मोकळा होता.

मी म्हणालो, विसांतलं एक टोचा, त्याचे पैसे माझ्या पगारातून. त्याने गिरमिट घातलं, नळी हुंगली, चाखली. म्हणाला, "मऊ आहे. लोण्यासारखं." आणि सही केली. इतकं सोपं होतं.

परत येताना त्या जागी बर्फावर एक गोल डाग होता, थाळीएवढा. तेवढाच बर्फ वितळून पाणी झालं होतं, आणि आत खोल काळं दिसत होतं. टोनेसकाकांनी पहार टेकवली नाही, होडी बाजूने वळवून घेतली. वळताना सगळ्यांनी टोप्या काढल्या, मागे ओढणाऱ्या त्या माणसानेसुद्धा. कुणी कारण सांगितलं नाही.

आज बास्ट्रुपसाहेबांपुढे तुझे दहा क्रोनर ऐंशी ओरे ठेवले. त्यांनी विचारलं, "हे कोणत्या सदरात लिहू? बेचाळीसची वही बंद होऊन जमाना झाला." मी सांगितलं, उष्टं म्हणून लिहा. त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "वहीत उष्टं कधी लिहीत नाहीत," आणि लिहिलं. शुद्धलेखन बरोबर होतं, मी पाहिलं. माझ्या चाकाबद्दल बोलले नाहीत. नोकरीबद्दलही बोलले नाहीत, म्हणजे आहे.

तळघर आज तीनदा मोजलं. वहीप्रमाणे एकशे त्रेचाळीस. तीनही वेळा एकशे त्रेचाळीस. दाराजवळच्या छोट्या फळीवरचा ओला डाग वाळला आहे. त्या जागी मिठाचं पांढरं कडं राहिलं आहे. ते मी पुसलेलं नाही.

तुझी खोली रिकामी ठेव. नोकरीसाठी नाही, बर्फ सुटला की दोन दिवस भेटायला येईन. चीज आणीन, विकत घेऊन.

तुला हिशेब हवा असेल म्हणून लिहितो:

बर्फहोडीचं भाडं: संस्थेने दिलं.
पलीकडे छपरीत कॉफी, दोन कप (एक टोनेसकाकांचा): ८० ओरे, दिले.
या पत्राचं टपाल: ३० ओरे, दिले.
बेचाळीस सालचं एक चाक, उष्टं: १० क्रोनर ८० ओरे, आबेलोनेकडून जमा, पावती सोबत.
छप्पन्न सालचं एक चाक, साडेचार किलो, किलोला ४ क्रोनर २० ओरे: १८ क्रोनर ९० ओरे. आजच्या पगारातून कापले ६ क्रोनर ३० ओरे.
विलाड्सचं देणं बाकी: १२ क्रोनर ६० ओरे.
आबेलोनेचं देणं बाकी: काही नाही.
एस्बेनचं देणं बाकी: काही नाही.